फुकटचा उतार

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवते. माझं इंजिन अजून दमदार आहे, माझा हॉर्न दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जातो, आणि भर पावसात चिखलातून वाट काढायची वेळ आली की नव्या चकचकीत गाड्या मला पुढे घालतात. पण एका वैशाखात माझ्यामुळे तेरा माणसांचा जीव गेला असता. तेरा हा आकडा मी मुद्दाम मोजून सांगते, कारण त्या दिवशी त्यांना बसवताना कुणी मोजलं नव्हतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून निघताना प्रत्येक गाडीबरोबर एक छोटं पुस्तक देतात. कोणतं तेल केव्हा बदलायचं, कोणती नळी केव्हा तपासायची, सगळं त्यात लिहिलेलं असतं. माझं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं गेलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते त्या पिशवीतच सुखानं झोपलं.

माझी पहिली नोकरी समुद्रकाठच्या वरोर गावात होती. दिपक आणि वर्षा हे माझे पहिले मालक. होड्या किनाऱ्याला लागल्या की पापलेट, बोंबील, कोळंबी टोपल्यांत भरायची, वर बर्फ घालायचा आणि मी ती डहाणूच्या बाजारात नेऊन पोचवायची. दोघांनी मला फार जपलं. वर्षा रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं मला आंघोळ घाली, काचा पुसून लख्ख करी. पण मासळीवर वितळलेल्या बर्फाचं खारट पाणी माझ्या फटींतून खाली झिरपे, आणि माझ्या पोटाखालच्या लोखंडावर वाळून बसे. तिथे कुणाचा हात कधी गेला नाही. मीठ मासळीला टिकवतं, पण लोखंडाला खातं. माझ्या मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी बोटाएवढीही जाड नाही. तिच्यावर आधी तांबूस पावडर आली, मग खपल्या धरल्या.

काही वर्षांनी दिपकनं मोठा टेम्पो घ्यायचं ठरवलं आणि मला विकायला काढलं. घ्यायला आला सुदाम. तलासरीच्या पूर्वेला डोंगरात एक पाडा आहे, तिथला हा माणूस. घरची भाताची आणि नाचणीची शेती, आणि जोडीला लोकांच्या गाड्या चालवण्याचा नाद. त्यानं माझा हॉर्न वाजवला, सीटवर बसून दोन उड्या मारल्या, दार तीनदा उघडून लावलं आणि म्हणाला, "बेस हाय गाडी!" वाकून खाली मात्र पाहिलं नाही. वरून लुगडं जरीचं आणि आत ठिगळं, अशी माझी गत होती. मला तोंड असतं तर तिथेच सांगितलं असतं.

पाड्यावर माझं स्वागत लग्नातल्या नवरीसारखं झालं. सुदामची बायको गंगी हिनं माझ्या चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. त्या पाड्यावर तोवर एकही गाडी नव्हती. दवाखाना, बाजार, तहसील, सगळ्यांसाठी तासभर डोंगर उतरून सडकेला यावं लागे. मी आले आणि म्हाताऱ्या माणसांचे पाय सुटले. खरं सांगते, इतका मान मला वरोरलाही मिळाला नव्हता. माझी छाती फुगली होती.

सुदाम माणूस लाखात एक. कुणी आजारी असलं तर हातातला घास टाकून चावी उचलणारा. पण त्याला एक खोड होती. पाड्यावरून खाली उतरताना अर्ध्या किलोमीटरचा सलग उतार आहे, दोन वळणांचा. एका अंगाला डोंगराची मातीची दरड, दुसऱ्या अंगाला खोल ओहोळ, आणि तळाशी ओहोळ ओलांडायची बिनकठड्याची फरशी, म्हणजे बुटका पूल. त्या उताराच्या तोंडाशी आलं की सुदाम गिअर काढून न्यूट्रल करायचा आणि इंजिन चक्क बंद करायचा. मग मी नुसती माझ्या वजनानं खाली घरंगळत जायची. "उतार देवानं फुकट दिलाय," तो म्हणे, "फुकटच्या उतारावर डिझेल जाळतो तो येडा."

मित्रांनो, इंजिन चालू असतं तेव्हा ते ब्रेकला जोर पुरवतं. ते बंद केलं की हा जोर एक-दोनदा पाय दाबेपर्यंत उरतो, मग संपतो. स्टेअरिंगही जड होतं. शिवाय गाडी गिअरमध्ये असली की इंजिन स्वतःच चाकांना मागे ओढून धरतं, तो आधारही न्यूट्रलमध्ये नाहीसा होतो. म्हणजे चार पैशांच्या डिझेलसाठी सुदाम माझे तिन्ही हात बांधून मला कड्यावरून सोडत होता. दात कोरून पोट भरत नाही, हे त्याला कोण सांगणार? पाड्यावर तर त्याच्या या हुशारीचं कौतुकच होई.

खाऱ्या पाण्यानं माझ्या हँडब्रेकची तारही गंजली होती. ती अर्ध्यावर अडकली आणि बसली. सुदामनं त्यावर उपाय काढला, तो म्हणजे एक मोठा दगड. गाडी उभी केली की दगड चाकामागे, निघताना दगड सीटखाली. पण हँडब्रेक अर्धवट अडकल्यामुळे माझ्या डॅशबोर्डवरचा लाल दिवा दिवसरात्र पेटलेला राही. हा दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला तरी पेटतो, आणि ब्रेकचं तेल कमी झालं तरी तोच पेटतो. सुदामला पहिलं काम माहीत होतं, दुसरं नव्हतं.

"डोळ्यात टोचतो हा दिवा," तो एक दिवस गंगीला म्हणाला. गंगीनं हसत हसत आपल्या कपाळावरची मोठी मरून टिकली काढली आणि माझ्या दिव्यावर चिकटवली. "घे, आता हीपण सवाशीण झाली." सगळे खळखळून हसले. मलाही गंमत वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. त्या टिकलीखाली माझा आवाज दाबला गेला आहे, हे माझ्याही तेव्हा ध्यानात आलं नाही.

सुदामची मुलगी रोशनी तेव्हा एकवीस वर्षांची होती. तलासरीच्या एका मोटार स्कूलमध्ये ती गाडी शिकत होती. पाड्यावर आली की सपाट माळावर मला चालवायची. तिचा हात हलका. क्लच सोडताना कधी हिसका द्यायची नाही, उगाच रेस करायची नाही, वेळेवर गिअर बदलायची. तिच्या हाताखाली मी कमी डिझेलात जास्त चालते हे मला चांगलं कळत होतं. सुदामला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. तिनंच माझं झोपलेलं पुस्तक पिशवीतून बाहेर काढलं आणि रात्रीच्या जेवणाआधी पान पान वाचलं.

चैत्र सरता सरता ती एकदा माळावर ब्रेक दाबताना थबकली. परत दाबला. परत दाबला. मग खाली उतरून बापाकडे गेली.

"बा, ब्रेकचा पाय पूर्वीपेक्षा खाली जातोय."

"पाय तुझा हलका हाय," सुदाम म्हणाला. "मला बरा लागतो."

"आणि मागच्या टायरला आतून ओलं दिसतंय."

"ओहोळातून आणलीय ना सकाळी? ओली नाय तर काय कोरडी राहणार?"

तो थेंब पाण्याचा नव्हता. माझ्या गंजक्या नळीला केसाएवढी चीर पडली होती आणि प्रत्येक ब्रेकला तिच्यातून ब्रेकचं तेल पाझरत होतं. थोडं थोडं. पोरीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मला हायसं वाटलं. पण बापाला शिकवणारी लेक अजून कुठल्याच घरात चटकन पटत नाही.

तरी रोशनी गप्प बसली नाही. बापाच्या मागे भुणभुण लावून तिनं मला आशागडला लाहूच्या गॅरेजवर न्यायला लावलं. लाहू मेकॅनिक बोलायला फटकळ, पण हाताला सोनं. त्यानं बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सुदामभाऊ, तेल एवढं खाली कसं गेलं?"

"जुनी गाडी. पीत असंल."

"ब्रेकचं तेल गाडी पीत नाही. ते कमी झालं म्हणजे एकतर पॅड झिजलेत, नाही तर कुठंतरी गळतंय. गाडी ठेवून जा. खड्ड्यावर घेऊन खालून बघतो."

"आता नाय रे! लग्नसराई हाय. रोज दोन-दोन फेऱ्या. तू तेल भर, लग्नं आटोपली की चार दिवस तुझ्याकडं टाकतो."

लाहूनं तेल भरलं. भरताना तो म्हणाला, "हे मी तुला तेल नाही देत, दिवस मोजून देतोय." सुदाम हसला आणि मला घेऊन निघाला.

ते दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. रोज सकाळी डबीतलं तेल थोडं खाली उतरलेलं असे. रोज संध्याकाळी टायरच्या आतली ओल थोडी पसरलेली असे. दिवा तर केव्हाचाच ओरडत होता, पण तोंडावर टिकली. मी ब्रेकचा पाय अजून खाली जाऊ दिला, सुदामनं दोनदा दाबायची सवय लावून घेतली. माणसाला सवय लागली की धोकासुद्धा घरचा वाटतो. आणि तो फुकटचा उतार रोजच्या रोज येतच होता.

मग तो दिवस उजाडला. फरशीला लागूनच असलेल्या खालच्या पाड्यावर मुकेश नावाच्या पोराचं लग्न होतं. आमच्याकडे लग्न लावते ती धवलेरी. धवलेरी म्हणजे गाणी म्हणून देवांना मांडवात बोलावणारी सवाशीण. ती आल्याशिवाय लग्न उभंच राहत नाही. पंचक्रोशीतली सगळ्यात जाणती धवलेरी म्हणजे आमच्या पाड्यावरची पुतळी. साठी उलटलेली, अंगानं काटकुळी, पण गळा असा की मांडवातली कोंबडीसुद्धा चोच मिटून ऐकेल. तिला वेळेत पोचवायची जबाबदारी सुदामवर होती.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन नुसतं भाजत होतं. पुतळीला पुढे दाराशी बसवलं. मधे गिअरच्या कांडीशेजारी रोशनी. मागे गंगी आणि तिच्याबरोबर शेजारच्या पाच जणी, एवढं खरं तर ठरलं होतं. पण गाडी खाली जातेय म्हटल्यावर रखमी आली, धोंडी आली, आणखी दोघी आल्या. एकीला हो म्हटल्यावर दुसरीला नाही कसं म्हणायचं? सुदामच्या तोंडून नाही हा शब्द कधी निघालाच नाही. बायका मांडीवर मांडी टाकून बसल्या. नाकापेक्षा मोती जड झाला होता. माझे स्प्रिंगचे पाटे चेपून सपाट झाले.

"बा, लई झाल्या," रोशनी हळूच म्हणाली. "दोन फेऱ्या करू."

"मुहूर्त टळंल. उतारच तर हाय, तिला कुठं ओढायचंय!"

उताराच्या तोंडाशी रोशनीनं चावीकडे जाणारा बापाचा हात पाहिला. "बा, आज इंजिन बंद करू नका."

"अगं, वीस वर्षं गाड्या चालवतोय मी!"

खट्. इंजिन बंद झालं. मागे बायका गाणं म्हणत होत्या. त्या अचानक आलेल्या शांततेत त्यांचे आवाज अजून गोड वाटले. मी घरंगळू लागले.

पहिलं वळण जवळ आलं. सुदामनं ब्रेक दाबला, आणि माझी नळी फुटली.

मला ते स्पष्ट कळलं. आत काहीतरी तटकन तुटलं आणि तेलाची चिळकांडी रस्त्यावर उडाली. मागची दोन्ही चाकं मोकळी झाली. सुदामचा पाय सर्रकन अर्ध्यावर घसरला. त्यानं पुन्हा दाबला. आता तो दगडासारखा कडक झाला, कारण इंजिनाचा जोर संपला होता. पुढची दोन चाकं कशीबशी रस्ता धरत होती, पण तेरा माणसांच्या वजनापुढे त्यांचं काय चालणार? पहिलं वळण आम्ही ओहोळाच्या काठाला घासून घेतलं. मागचं गाणं मधेच तुटलं.

सुदामनं हँडब्रेक ओढला. तो हललाही नाही. वीस वर्षांचा हात स्टेअरिंगवर गोठून गेला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मी त्या क्षणी पाहिलं.

"बा! क्लच दाबा!" रोशनी ओरडली. तिनं हात लांब करून चावी फिरवली. "क्लच दाबा म्हणते ना!"

त्या आवाजानं सुदामचा पाय आपसूक खाली गेला. रोशनीनं दोन्ही हातांनी कांडी धरून तिसऱ्यात टाकली.

"सोडा. हळू. हळू सोडा!"

क्लच सुटला, चाकांनी माझं इंजिन फिरवलं, आणि ते खोकून जागं झालं. मी आयुष्यात एवढ्या जोरानं कधी गुरगुरले नव्हते. सगळा जीव एकवटून मी चाकांना मागे ओढलं. "आता दुसरा!" पुन्हा क्लच, पुन्हा कांडी. गचका बसला, मागे कुणाचं तरी डोकं टपाला आपटलं. वेग कमी झाला. पण पुरेसा नाही. पुढे दुसरं वळण होतं आणि त्याच्याखाली ती बिनकठड्याची फरशी दिसत होती, उन्हानं पांढरी पडलेली.

"ब्रेक मारत राहा, सोडू नका! डावीकडं घ्या, दरडीला घासा!"

"तिकडं आजी हाय!" सुदामचा आवाज फाटला.

डाव्या दाराशी पुतळी होती. सवयीनं तिचा हात खिडकीबाहेर, दाराला धरलेला. उजवीकडे ओहोळ, डावीकडे पुतळी. रोशनीनं एक क्षणही वाया घालवला नाही. तिनं पुतळीच्या कमरेला मिठी मारली आणि तिला खेचून आपल्या मांडीवर घेतलं.

"घ्या, बा!"

सुदामनं घेतलं. माझी डावी कूस मातीच्या दरडीला भिडली. पत्रा किंचाळला, आरसा उडाला, दगड-धोंडे काचेवर कोसळले. दहा हात, वीस हात, तीस हात मी दरडीला घासत गेले. आणि फरशीच्या अलीकडे, जेमतेम दोन बैलगाड्यांच्या अंतरावर, थांबले.

मग मागून एक बाई हुंदके देऊ लागली, आणि तिच्या रडण्यानं सगळ्यांना आपण जिवंत आहोत हे कळलं. माझ्याही जिवात जीव आला. गंगीच्या कपाळाला खोक पडली होती. पुतळीचं अंग वाचलं होतं, पण हात पुरता आत यायच्या आधीच दार दरडीला लागलं होतं. तिचं डावं मनगट मोडलं होतं.

मांडवातली माणसं धावत आली. पुतळीला दवाखान्यात न्यायला दुसऱ्या गाडीला फोन केला. तर ती म्हणाली, "आधी लगीन. देव खोळंबलेत." कुणीतरी बांबूच्या कामट्या लावून तिचा हात फडक्यानं बांधला. गाडी येईपर्यंत तिनं तशीच बसून देवांना बोलावणारी गाणी म्हटली. तिचा आवाज वाऱ्यावर माझ्यापर्यंत येत होता. प्रत्येक कडव्यानंतर ती थोडी थांबत होती. ती पूर्वी कधी थांबत नसे.

ट्रॅक्टरनं ओढून मला पुन्हा सुदामच्या अंगणात आणलं, आणि पुढच्या चार दिवसांत मी पाड्याची पनवती झाले. कालपर्यंत हळद-कुंकू लावणारे हात आता लांबूनच बोटं दाखवू लागले. कुणी म्हणालं, भगताला बोलवा, कोंबडं द्या. कुणी म्हणालं, भंगारात घाला. गंगी तर दोष स्वतःकडेच घेऊन बसली होती. त्या दिव्याचं दुसरं काम रोशनीनं पुस्तकात वाचलं होतं, पण टिकलीखाली तो दिवा आहे हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. आता दोन्ही गोष्टी जुळल्या, तेव्हा गंगी कपाळावर हात मारून म्हणाली, "मीच तिचं तोंड बंद केलं." सुदाम ओट्यावर बसून राही. जेवत नसे.

पाचव्या दिवशी आशागडहून लाहू आला. त्यानं मला जॅकवर उचललं, खाली शिरला, आणि वीतभर नळी हातात घेऊन बाहेर आला. पाड्यावरची माणसं गोळा झाली होती. पुतळीही आली होती, हाताला प्लास्टर. लाहूनं नळी दोन बोटांत धरून दाबली. ती बिस्किटासारखी चुरली.

"खाऱ्या पाण्यानं खाल्लीय," तो म्हणाला. "मासळीची गाडी होती ना ही?"

"म्हणजे त्या वरोरवाल्यानं फसवलं!" कुणीतरी गरजलं. "गंजकी गाडी गळ्यात मारली!" झालं, सगळ्यांना वाट सापडली. मला सोडून आता दिपकच्या नावानं शिव्या सुरू झाल्या. लाहू नुसता सुदामकडे बघत राहिला.

सुदामला गप्प बसणं किती सोपं होतं! कुणालाही काही कळलं नसतं.

सुदाम ओट्यावरून उठला. "वरोरवाल्याचं नाव घेऊ नका," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की लोकांना जवळ सरकावं लागलं. "लाहूनं मला आधीच सांगितलं होतं, गाडी ठेव. मी नाय ठेवली. रोशनीनं सांगितलं, ब्रेक खाली जातोय. मी तिला हसलो. दिव्यावर टिकली मीच लावायला लावली, गंगीचा काय दोष? बारा बाया भरल्या, आणि डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं. गाडीला कोंबडं कशाला देता? तिनं महिनाभर सांगितलं. ऐकलं नाय ते मी."

गंगी पदर तोंडाला लावून रडू लागली. लोक एकेक करून पांगले. पुतळीही प्लास्टरचा हात सावरत घरी गेली.

त्यानंतर महिनाभर मी लाहूच्या गॅरेजवर होते. सगळ्या नळ्या नव्या, हँडब्रेकची तार नवी, पोटाला गंज न धरणारा काळा रंग. सुदाम रोज येऊन खड्ड्यात उतरायचा आणि लाहूच्या शेजारी उभा राहून शिकायचा. लाहूनं त्याला सांगितलं, डिझेल वाचवायचंय ना? मग टायरची हवा बघ, एअर फिल्टरमधली धूळ झाड, टपावरचं रिकामं कॅरिअर काढ, आणि लेकीसारखा गिअर टाकत जा. सुदामनं ते सगळं केलं. आता मी त्याच डिझेलात पूर्वीपेक्षा जास्त पळते, आणि उतारावर इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये, गुरगुरत उतरते. माणसं मात्र पावसाळाभर माझ्यात बसायला कचरत. पायी जात. सुदाम कुणाला आग्रह करत नसे.

माघात पुन्हा लग्नं सुरू झाली. एका सकाळी सुदाम मला घेऊन पुतळीच्या दारात गेला. तिला लग्नाला न्यायचं होतं. ती बाहेर आली. तिचं डावं मनगट आता पुरतं वळत नाही. उजव्या हातानं तिनं दार उघडलं आणि बसली, पुढे, त्याच खिडकीशी.

सुदामनं चावी हातात धरली, पण त्याला ती लावता येईना. "आजी," तो म्हणाला, "ब्रेकचं तेल सकाळी बघितलंय. नळ्या नव्या हायत. हवा बघितलीय. हँडब्रेक ओढून दाखवू का? तू उतरून एकदा खाली बघून घे, मग निघू."

पुतळीनं लुगड्याचा पदर सावरला आणि समोर रस्त्याकडे पाहत म्हणाली, "मला कशाला दाखवतोस, बाबा? मला त्यातलं काय कळतं? तवाबी तुझ्या भरवशावर बसली होती, आजबी तुझ्याच भरवशावर बसलीय."

सुदामनं स्टेअरिंगवर डोकं टेकलं आणि तो लहान मुलासारखा रडला. पुतळी थांबून राहिली. मग तो उतरला, पुन्हा एकदा वाकून माझ्या पोटाखाली पाहिलं, आणि मगच आम्ही निघालो.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला लागलं तर पत्रा बदलता येतो. पण गाडीत बसणारं माणूस चालवणाऱ्याला काही विचारत नाही. तुमची आजी विचारत नाही, तुमचा धाकटा भाऊ विचारत नाही. ते नुसते दार उघडतात आणि बसतात. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्या हातात चावी येईल, तेव्हा ती फिरवण्याआधी आमच्याकडे एकदा वाकून बघा. त्यांनी विचारलं नाही, म्हणून तरी बघा.